चिकण मातीवर लॉन लावताय? आधी खालची माती तयार करा

माझं पहिलं लॉन चार महिन्यांत गेलं. गवताच्या लाद्या (मातीच्या पातळ थरासकट कापून आणलेले गवताचे तुकडे) चांगल्या होत्या, पाणी वेळेवर देत होतो, खतही घातलेलं, तरी आधी मधेमधे पिवळे पट्टे दिसायला लागले, मग जोराचा पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी तुंबून राहायला लागलं, आणि एक दिवस एका लादीचा कोपरा धरून उचलला तर अख्खी लादी सतरंजीसारखी हातात आली. खाली मुळं अशी नव्हतीच. जी होती ती लादीसोबत आलेल्या दोन सेंटीमीटर मातीतच आडवी फिरत होती, खालच्या चिकण मातीत एकही शिरलेलं नव्हतं. ती माती मी नुसती वरवर खरवडून सपाट केली होती आणि त्यावर गवत अंथरलं होतं.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा गवतापेक्षा जास्त वेळ मातीवर घालवला आणि ते लॉन अजून मस्त आहे. म्हणून जे पहिल्यांदाच लावतायत त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतोय. भाजीच्या वाफ्यात काही चुकलं तर पुढच्या हंगामात परत खणता येतं, लॉनचं तसं नाही, एकदा गवत धरलं की त्याच्या खालची माती पुढची कितीतरी वर्षं झाकलेलीच राहते आणि मग जे काय करायचं ते वरून भोकं पाडून, थोडं थोडं. खाली हात घालायची संधी एकदाच मिळते आणि ती आत्ता आहे.

चिकण माती अशी का वागते

मातीचे कण आकाराने तीन प्रकारचे. वाळूचा कण 2 मिलिमीटरपासून 0.05 मिमीपर्यंत, गाळाचा त्याहून बारीक, आणि चिकणमातीचा 0.002 मिमीपेक्षाही लहान. हे कण गोटीसारखे गोल नसतात, चपटे असतात, पत्त्यांसारखे एकावर एक बसतात. त्यामुळे ओलं असताना माती घसरते, चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. काही प्रकारच्या चिकण मातीत कणांच्या थरांमध्येच पाणी शिरतं, मग ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात.

आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, चिकण मातीत एकूण पोकळी वाळूपेक्षा जास्तच असते. फक्त ती इतकी बारीक असते की त्यात पाणी अडकून बसतं, खाली निघूनच जात नाही, आणि पाणी निघालं नाही की हवा आत येत नाही. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. लॉन पिवळं पडलं की लोक पाणी कमी पडलं समजून अजून पाणी देतात, तिथे बऱ्याचदा खाली मुळं गुदमरत असतात.

पण चिकण मातीला शिव्या देऊ नका. हिच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम अशी अन्नद्रव्यं ती धरून ठेवते, वाळूसारखी पाण्याबरोबर वाहून जाऊ देत नाही. पाणीही जास्त दिवस धरते. म्हणजे अन्न आणि पाणी दोन्ही हिच्याकडे भरपूर आहे, कमी आहे ती हवा खेळायला लागणारी मोठी पोकळी. आपल्याला माती बदलायची नाहीये, तिचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ गोळ्या व्हाव्यात, गोळ्यांच्या मधे जागा राहावी, एवढंच करायचंय. माती भुसभुशीत आहे असं आपण म्हणतो ते हेच.

पहिलं काम: माती ओळखा

तीन टेस्ट सांगतो, तिन्ही फुकटातल्या आहेत आणि तिन्ही करा.

एक, हाताची. मूठभर माती घ्या, खडे काढून टाका, थोडं थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत दाबत त्याची पट्टी बाहेर काढत जा, आणि ती स्वतःच्या वजनाने तुटेपर्यंत किती लांब येते बघा. 2.5 सेंटीमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती फार नाही, 2.5 ते 5 सेंमी म्हणजे मध्यम, आणि 5 सेंमीच्या पुढे गेली तर तुमची माती चांगलीच चिकण आहे.

दोन, बरणीची. काचेची उभी बरणी घ्या, एक तृतीयांश माती भरा, वरपर्यंत पाणी, चिमूटभर कपडे धुवायची पावडर, झाकण लावून पाच-दहा मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ दोनेक तासात, चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात, कधी जास्तही. मग थर मोजा. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या 40 टक्क्यांच्या पुढे असेल तर खाली लिहिलेलं सगळं तुमच्यासाठीच आहे. माती घेताना मात्र वरवरची घेऊ नका, 10-15 सेंमी खालची घ्या आणि प्लॉटच्या दोन-तीन जागांवरची वेगवेगळी तपासा, कारण नवीन बांधकाम झालेल्या ठिकाणी पायाच्या खड्ड्यातली खालची माती एका बाजूला पसरून टाकलेली असते आणि ती बाकीच्या मातीपेक्षा पूर्ण वेगळी निघते.

तीन, निचऱ्याची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. 30 सेंमी खोल आणि साधारण तेवढाच रुंद खड्डा काढा. कडा फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर खुरप्याने ओरबाडा, नाहीतर रिझल्ट चुकीचा येतो. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि आता पट्टी उभी लावून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. 2.5 सेंमीपेक्षा जास्त उतरत असेल तर कंपोस्ट घालून काम भागेल. त्यापेक्षा कमी असेल तर मेहनत थोडी जास्त. आणि दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी तसंच उभं असेल तर जमीन चिबड आहे, तिथे उताराचा किंवा पाइपचा विचार आधी करावा लागेल, नुसत्या कंपोस्टवर विसंबू नका.

वाफसा, आणि ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे

वाफसा म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीठाकही नाही, खणायला बरोबर एवढी ओल. शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, वाफसा आल्याशिवाय तो जमिनीत पाय घालत नाही. बागेत मात्र आपण रविवार मोकळा आहे म्हणून कुदळ घेतो, माती ओली आहे का सुकी ह्याचा विचारच करत नाही. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, माती मऊ वाटली, म्हटलं बरं झालं खणायला सोपं जाईल. सोपं गेलं खरं, पण ओली चिकण माती खणली की फावड्याच्या दाबाने ते चपटे कण एकमेकांवर घासून बसतात, होती नव्हती ती पोकळीही बुजते, आणि नंतर ती वाळली की जी ढेकळं होतात ती टिकावाने फुटत नाहीत. ते नुकसान भरून यायला महिने लागतात, कधी एखादं वर्ष.

अगदी कोरडी असतानाही खणू नका, मोठे दगडासारखे तुकडे निघतात आणि त्यांची नुसती धूळ होते, पहिल्या पावसात तीच धूळ वरती पापुद्रा धरते.

वाफसा आला का कसं बघायचं? 10-15 सेंमी खालची मूठभर माती घ्या, मुठीत दाबून लाडू करा. लाडू होतच नसेल तर माती कोरडी आहे, हलकं पाणी देऊन दोन-तीन दिवस थांबा. लाडू झाला तर त्याला अंगठ्याने टोचा. तो फुटून त्याचे रवाळ तुकडे झाले तर आजचा दिवस खणायचा. नुसता खळगा पडला, माती बोटाला चिकटली, चकाकली, तर परत घरात जा. हे रोज बघा, पावसानंतर कधी तीन दिवस लागतात कधी आठ, उन्हावर आणि वाऱ्यावर आहे. चिकण मातीत ही खिडकी छोटी असते, एक-दोन दिवसांचीच कधीकधी, त्यामुळे कंपोस्ट, अवजारं, मदतीला येणारा माणूस सगळं आधी तयार ठेवा आणि वाफसा आला की लगेच काम धरा.

आणि ओल्या मातीवरून चालायचंही नाही हं. ढकलगाडी न्यायची असेल तर फळ्या टाका आणि त्याच्यावरूनच ये-जा करा.

मोसमाचंही आत्ताच सांगून टाकतो. गवत ज्या दिवसांत जोरात वाढतं त्याच्या सुरुवातीला ते अंथरलं जावं असा हिशोब करा. हराळीसारखी उष्ण हवेतली गवतं असतील तर ऊब सुरू होताना, थंड हवेतली असतील तर उन्हाळा ओसरल्यावर. त्याच्या दीड-दोन महिने आधी मातीचं काम सुरू करायचं.

जागा मोकळी करणं

दगड, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टिक, सगळं वेचून काढा. सिमेंट किंवा चुन्याचा राबिट गाडून टाकायचा मोह होतो, नको, तिथे मातीचा सामू (pH) वाढतो आणि वर गवताचा तेवढाच ठिपका कायम पिवळा राहतो.

तणांपैकी लव्हाळा असेल तर नुसतं वरून ओढू नका, खाली गाठी असतात, खुरप्याने गाठीसकट काढा. रोटाव्हेटर घालायच्या आधी हे करायलाच हवं, कारण यंत्राने त्या गाठी आणि बारमाही गवतांच्या मुळ्या तुकडे होऊन सगळीकडे पसरतात आणि एका जागेचं तण अख्ख्या लॉनभर होतं. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

खोल खणायच्या आधी वायर, पाण्याची लाइन, ड्रेनेजचा पाइप कुठून गेलाय ते नक्की बघून घ्या. मोठं झाड असेल तर त्याच्या पसाऱ्याखाली खोल खणू नका, मुळं तुटतात, तिथे हलकं खरवडून पातळ कंपोस्ट पुरे. आणि झाडाच्या बुंध्याशी माती चढवू नका.

आता उतार. चिकण मातीत जेवढं पाणी वरूनच वाहून जाईल तेवढं बरं, म्हणून जमिनीला घरापासून लांब जाणारा 1 ते 2 टक्के उतार द्या, म्हणजे दर मीटरला 1 ते 2 सेंमी. डोळ्याला तो सपाटच दिसतो. दोन खुंट्या, दोरी आणि लेव्हलची बाटली एवढ्यात काम होतं. 10 मीटर लांबी असेल तर दोन टोकांत 10 ते 20 सेंमीचा फरक. उतार काढताना एक चूक टाळा, वरची गडद माती आधी बाजूला काढून ढीग करून ठेवा, मग खालच्या मातीला उतार द्या, आणि मग वरची माती परत समान पसरा. नाहीतर उंच भागातली चांगली माती निघून जाते आणि तिथे नुसती खालची, निर्जीव माती उघडी पडते.

निचऱ्याच्या टेस्टमध्ये पाणी उभंच राहिलं असेल तर 45-60 सेंमी खोल चर, त्यात 10 सेंमीचा भोकांचा पाइप, खाली-वर खडी, सगळ्याभोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), आणि पाइपला निदान 1 टक्का उतार. पाणी बाहेर पडायला जागा असेल तरच हा खर्च करा, जागा नसेल तर तो जमिनीखालचा हौद होतो. अजून एक, काही लोक अख्ख्या लॉनखाली खडीचा थर टाकायला सांगतात, निचरा होईल म्हणून. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच लोंबकळत राहतं, म्हणजे मुळांपाशी अजूनच चिखल.

खणणं

खोली किती? निदान 15 सेंमी, जमलं तर 20. छोटी जागा असेल तर खणायचा काटा सगळ्यात चांगला, फावड्यापेक्षा, कारण काट्याने माती तुटते, फावड्याने कापली जाते आणि कापलेली बाजू गुळगुळीत होते. मोठी जागा असेल तर पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटर भाड्याने घ्या, पण त्याची पाती नेहमी एकाच खोलीवर फिरतात आणि त्या खोलीला खाली एक घट्ट तवा तयार होतो, पाणी त्याच्यावर अडतं. म्हणून यंत्र फिरवायच्या आधी काटा किंवा पहार 25-30 सेंमीपर्यंत घालून नुसती मागेपुढे हलवायची, माती उलटी करायची नाही, फक्त सैल करायची. दर 20-25 सेंमीवर असं करत मागे मागे सरकायचं. अंग दुखतं, दोन दिवसांत वाटून घ्या.

आणि पीठ करू नका. रोटाव्हेटर फिरवताना मजा वाटते, माती मऊ होतेय असं दिसतं म्हणून चार-चार वेळा फिरवतात, त्यात मातीच्या उरल्यासुरल्या गोळ्याही फुटतात. दोन वेळा, आडवं आणि उभं, बस. सुपारीएवढी ढेकळं राहिली तरी चालतील.

कंपोस्ट, खरं औषध हेच

सेंद्रिय पदार्थ घातला की मातीतले जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात, जिवाणूंचा डिंकासारखा स्राव आणि बुरशीचे धागे मिळून चिकणमातीचे कण एकत्र बांधतात, गांडुळं येतात, ती बोगदे करतात. रवाळपणा येतो तो ह्यातून. आपण फक्त त्यांना जेवण द्यायचं.

किती घालायचं? खणलेल्या जागेवर 5 सेंमी जाडीचा थर पसरा आणि तो 15-20 सेंमीपर्यंत मिसळा. माती फारच घट्ट असेल तर 7-8 सेंमी. हिशोब सोपा आहे, 1 चौरस मीटरला 5 सेंमी थर म्हणजे 50 लिटर. समजा जागा 10 बाय 5 मीटर, म्हणजे 50 चौरस मीटर, तर 2,500 लिटर, म्हणजे अडीच घनमीटर कंपोस्ट. आकडा बघून लोक दचकतात, आणि मग चार पोती आणून भुरभुरवतात. चार पोत्यांनी काहीही होत नाही, खरंच नाही. एवढं आणणं जमत नसेल तर लॉनचा आकार कमी करा, निम्म्या जागेत नीट करा, उरलेली पुढच्या वर्षी.

कुठलं घ्यायचं? पूर्ण कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, बागेच्या कचऱ्याचं कंपोस्ट, काहीही चालेल, फक्त कुजलेलं पाहिजे. हातात घेतलं तर काळपट, मोकळं, पावसानंतरच्या मातीसारखा वास. शेणाचा किंवा अमोनियाचा वास येत असेल, ढिगात हात घातला तर गरम लागत असेल, तर अजून तयार नाही, आत तणाचं बीही जिवंत असतं. गांडूळखत उत्तम पण एवढं सगळं त्याचंच करणं परवडत नाही, थोडं मिसळा. कोंबडीखत सांभाळून, त्यात क्षार आणि नत्र जास्त असतं, नाजूक मुळं जळतात. लाकडाचा भुसा किंवा कच्चा पालापाचोळा थेट मातीत घालू नका, तो कुजताना मातीतलं नत्र जिवाणू स्वतःसाठी ओढून घेतात आणि नवीन गवत फिकट पडतं.

मिसळताना शेवटपर्यंत मिसळा. वर कंपोस्टचा काळा थर आणि खाली पिवळी-राखाडी चिकण माती असं दिसत असेल तर काम अर्धंच झालंय. बाहेरून आणलेली चांगली माती घालत असाल तरी तेच, आधी तिचा पाच सेंमीचा थर खालच्या मातीत मिसळा, मग उरलेली वर पसरा. दोन वेगळ्या मातींमध्ये एकदम स्पष्ट रेघ राहिली तर पाणी त्या रेघेवर थांबतं आणि मुळंही तिथूनच आडवी वळतात. माझ्या पहिल्या लॉनच्या लाद्यांखाली अगदी अशीच रेघ होती.

वाळू आणि जिप्सम, कुणीतरी सांगणारच म्हणून

चिकण मातीत वाळू घाला हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि मी तो ऐकलाही होता. वाळूने मातीचा पोत बदलायचा तर मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळू हवी. वरच्याच उदाहरणात, 50 चौरस मीटरची वरची 15 सेंमी माती म्हणजे साडेसात घनमीटर, तिला बरोबरीला यायलाच तेवढीच वाळू, साधारण 12 टन. शिवाय जमिनीची उंची तेवढी वाढणार. आणि त्यापेक्षा कमी घातली तर वाळूचे कण चिकणमातीत वेगवेगळे रुतून बसतात, मधल्या जागा चिकणमातीच भरून टाकते, आणि वाळल्यावर आधीपेक्षा कडक होतं. तेच पैसे कंपोस्टला लावा.

जिप्समचं (हे कॅल्शियम असलेलं खनिज) थोडं वेगळं आहे. ते खरंच काम करतं, पण ठरावीक मातीतच. काही चिकण मातीत सोडियम जास्त असतो, त्यामुळे कण पाण्यात एकमेकांपासून सुटून पसरतात आणि सगळी छिद्रं बुजवतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मग तो सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातो आणि कण परत एकत्र येतात. तुमच्या मातीत सोडियम नसेल तर जिप्सम घालून फरक पडत नाही.

घरी तपासायचं असेल तर वाटीत पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ नुसतं विरघळून ढिगली झाली पण पाणी स्वच्छ आहे, तर कंपोस्टचीच गरज आहे. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला असेल तर सोडियमची शंका घ्या, लॅबमधून मातीपरीक्षण करून घ्या आणि तिथेही तेच निघालं तर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो जिप्सम कंपोस्टबरोबरच मिसळा. जिप्समने सामू बदलत नाही, चुना समजून वापरू नका.

सामूवरून आठवलं, बहुतेक लॉनच्या गवतांना 6 ते 7 सामू आवडतो. परीक्षणात आम्ल निघाला तर चुना, फार विम्ल निघाला तर गंधक, प्रमाण रिपोर्टप्रमाणेच. जमिनीत मुळातच चुनखडी भरलेली असेल तर गंधकाने फार काही हलत नाही, तिथे चालणारं गवत निवडणं सोपं.

बसू द्या, मग सपाट करा

आता सगळ्यांची घाई होते. माती भुसभुशीत दिसतेय, काळी दिसतेय, लगेच गवत आणावंसं वाटतं. निदान तीन-चार आठवडे थांबा. खणलेली माती पावसाने, पाण्याने खाली बसते आणि सगळीकडे सारखी बसत नाही, आज अंथरलंत तर महिन्याने लॉनवर खळगे दिसतील.

ह्या दिवसांत दंताळ्याने ढेकळं फोडून एकदा सपाट करा, हलकं पाणी द्या, आणि तण उगवू द्या. हो, मुद्दाम उगवू द्या. दहा-पंधरा दिवसांत हिरवी लव येते, तेव्हा वरची एक-दोन सेंमी माती फक्त खरवडायची, खोल नाही, खोल गेलात तर खालचं नवीन बी वर येतं. परत पाणी, परत खरवडणं. दोन फेऱ्यांत पुढच्या वर्षभराची निंदणी वाचते.

शेवटी टाचांनी तुडवायचं. मोठा जड रोलर चिकण मातीवर फिरवू नका, एवढी मेहनत करून मोकळी केलेली माती परत दाबून ठेवाल. वाफशावर असताना छोटी छोटी पावलं टाकत, टाचेवर वजन देत, पूर्ण जागा तुडवा, मऊ खड्डे पायालाच कळतात, तिथे माती भरा, दंताळं फिरवा, मग लांब सरळ फळी ओढून लेव्हल करा. बुटाचा ठसा एक सेंमीच्या आत उमटला की माती तयार आहे. लाद्या लावणार असाल तर फरशी किंवा पायवाटेच्या कडेला जमीन लादीच्या जाडीएवढी, साधारण दोन सेंमी खाली ठेवा, तिथे गवत वर आलं तर पाणी फरशीवर वाहतं.

अंथरणं

हे काम पटकन होतं. लाद्या किंवा रोल आणल्या दिवशीच लावा, गुंडाळून ठेवले की आतून गरम होऊन पिवळे पडतात. अंथरायच्या आधी माती दमट असू द्या, चिखल नको. वरचा थर दंताळ्याने हलका ओरखडून घ्या म्हणजे लादी आणि माती चिकटतात. एका सरळ कडेपासून सुरू करा, विटांसारखे सांधे मागेपुढे ठेवा, लाद्या ताणू नका, एकमेकींना भिडवा. फळीवर उभं राहून काम करा, नव्या मातीवर नाही. बी पेरणार असाल तर चिकण मातीवर पापुद्रा धरतो, म्हणून बियांवर अर्धा सेंमी चाळलेलं कंपोस्ट भुरभुरवा.

लावल्या लावल्या पाणी द्या आणि एक कोपरा उचलून बघा, लादीच्या खालची मातीही भिजली पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे लादी सुकू द्यायची नाही. मग कोपरा हलका ओढून बघायचा, धरून बसली असेल तर मुळं खाली गेलीत, आणि तिथून पुढे पाणी रोजचं बंद करून अंतर वाढवत जायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातात.

पाणी कसं द्यायचं हे चिकण मातीत वेगळं आहे. ही माती एकदा भिजली की तासाला साधारण 1 ते 5 मिमीच पाणी आत घेते, आणि साधा स्प्रिंकलर त्याच्या कितीतरी पट टाकतो. वरचं सगळं वाहून जातं, आपल्याला वाटतं भरपूर पाणी दिलं. म्हणून दहा मिनिटं द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, परत दहा मिनिटं, असं तीन वेळा. कंपोस्ट घातलेल्या मातीत हा वेग वाढतो, तरी पहिल्या वर्षी ह्याच पद्धतीने द्या. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसून बघा, 15 सेंमीपर्यंत सहज गेला तर पाणी तेवढं खोल पोचलंय.

पहिली कापणी गवत धरून बसल्यावरच, जमीन कोरडी असताना, आणि उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस लॉनवर खेळणं, खुर्च्या मांडणं बंद, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, चिकण माती सगळ्यात जास्त दाबली जाते ती तेव्हाच.

वर्षभराने गवत जोरात वाढत असताना पोकळ नळ्यांच्या काट्याने 7-10 सेंमी खोल भोकं पाडा. टोकदार खिळ्यांचा काटा नको, तो माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो. निघालेल्या मातीच्या कांड्या वाळू द्या, चुरून तिथेच पसरा, आणि वरून चाळलेलं कंपोस्ट अर्धा सेंमी टाकून झाडूने भोकांत लोटा. कुठे खळगा पडला असेल तर तोही ह्याच कंपोस्ट-मातीने भरायचा, एका वेळी एक-दीड सेंमीपेक्षा जास्त नाही, गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत, आणि ती वर आली की पुढचा थर.